आजीच्या तोंडी 'ळ' नव्हता : झाडीबोली साहित्य मंडळाची वाटचाल

माझ्या आजीच्या तोंडी 'ळ' नव्हता. डोळ्याला ती डोरा म्हणायची, काळ्याला कारा, आणि सकाळी उठायच्या ऐवजी आम्ही 'सकारी' उठायचो. 'ण'ही नव्हता, म्हणून घरात पाणी नव्हतं, पानी होतं. 'छ' आला की त्याचा 'स' व्हायचा. मिरग लागला की बाबा कोपऱ्यातली सत्री काढायचे. साकोलीकडच्या आमच्या गावात यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही, कारण सगळेच तसं बोलायचे. वावगं वाटलं ते मी पाचवीत नागपूरच्या शाळेत आले तेव्हा. वर्गात उभी राहून मी 'फुलांची मार' म्हणाले. म्हणायची होती माळ. बाईंनी विचारलं, "फुलांचा मार कोणी खाल्ला गं?" वर्ग खो खो हसला. शाळेचं नाव सांगत नाही. त्या काळी कोणत्याही शाळेत हेच झालं असतं. घरी आले, आरशासमोर उभी राहिले आणि जीभ टाळ्याला टेकवून 'ळ' घोटत बसले. पंधरा-वीस दिवसांत जमला. दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीने माझ्या तोंडून 'डोळा' ऐकला आणि हसून म्हणाली, "झाली का वो सायबीन?"

संपादकांनी या स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. अध्यक्षांच्या आणि संमेलनांच्या याद्या वेगळ्या छापल्या जाणार आहेत, तेव्हा ते ओझं माझ्यावर नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की ज्या गोष्टीवर वर्ग हसला त्याच गोष्टीसाठी काही माणसांनी मंडळ काढलं, कोश केला आणि गावोगाव मांडव घातले.

लिहिते आहे बेसाला बसून. मानेवाड्याच्या पुढे, नागपूरच्या दक्षिण टोकाला. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून शेत दिसायचं, आता समोरच्यांची गॅलरी दिसते. बेसा-पिपळ्याची नगरपंचायत झाली आहे. आमच्या एका इमारतीत लाखनीचे आहेत, अर्जुनी मोरगावचे आहेत, ब्रह्मपुरीचे आहेत, वडशाचे दोन संसार आहेत. कोणी नोकरीसाठी आलं, कोणी पोरांच्या शिक्षणासाठी. लिफ्टमध्ये सगळे शुद्ध बोलतात. जिन्यात, कोणी ऐकत नाही असं वाटलं की, 'जी' सुरू होतो. "कसा जी?" "बरा हाये जी." हा 'जी' आमच्याकडचा शिक्काच. भांडणातसुद्धा तो सुटत नाही.

झाडी म्हणजे कुठलं एक गाव नव्हे, तो मुलूख आहे. वैनगंगेचं खोरं, दोन्ही काठांची जंगलं, त्यातले तलाव आणि धानाच्या बांध्या. आजच्या नकाशात भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली जिल्हे, चंद्रपूरची पूर्वेकडची बाजू आणि नागपूर जिल्ह्याची पूर्व किनार. चांदा जिल्ह्यातून गडचिरोली १९८२ मध्ये निघाला, भंडाऱ्यातून गोंदिया १९९९ मध्ये. दोनाचे चार जिल्हे झाले, बोलीची हद्द मात्र होती तिथेच राहिली. तिचा शेजारही मोठा: पूर्वेला छत्तीसगढी, उत्तरेला हिंदी, जंगलात गोंडी आणि हलबी, गोंदियाच्या पोवारांची पोवारी. शिवाय १९५६ पर्यंत हा सगळा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. म्हणून आमच्या बोलण्यात हिंदीचा वास येतो असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. तो वास कचेरीतून आला, बाजारातून आला, लग्नसंबंधांतून आला. पण 'डोरा' हिंदीतून आलेला नाही.

मराठीच्या जुन्या इतिहासात हा मुलूख मुळीच आडबाजूचा नाही. चक्रधरस्वामींच्या जवळच्या मंडळींत नीळभट्ट भांडारेकार आहेत, ते भंडाऱ्याचे. कुही तालुक्यात वैनगंगेच्या संगमावर अंभोरा आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' तिथे लिहिला, असं आमच्याकडचे लोक ठासून सांगतात. अंबाजोगाईकर ते मान्य करत नाहीत. हा वाद इथे सोडवायचा नाही. पण मराठीचा उगम सांगताना ज्यांचं गाव पणाला लागतं, त्यांच्याच नातवंडांना मराठी नीट येत नाही म्हणून वर्गात हसतात, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

बोलीची कागदोपत्री नोंद पहिल्यांदा साहेबाने केली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी आहे, नागपुरी आहे, आणि छोट्या पोटबोलींत 'झाडपी'ही आहे. हा शब्द साहेबाने घडवलेला नव्हता. चेष्टा करायला तो नागपुरात आधीपासून चालत होता. झाडपी म्हणजे रानातला, अडाणी. पुढे पुण्यामुंबईच्या लेखी सगळ्या विदर्भाची बोली एकच, वऱ्हाडी. मुळात वऱ्हाड कापसाचं आणि ज्वारीचं, झाडी धानाची. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया. आमच्याकडे 'र' होतो, डोळ्याचा डोरा. अमरावतीचा माणूस आणि साकोलीचा माणूस एकमेकांचं सगळं समजतात, आणि तरी दोन वाक्यांत एकमेकांना ओळखतात. हा फरक बाहेरच्याला सांगायला गेलं की तो म्हणतो, "म्हणजे वऱ्हाडीच ना?" मंडळाचं पहिलं भांडण या 'च'शी होतं.

झाडीबोली साहित्य मंडळ १९९२ मध्ये उभं राहिलं. उभं केलं डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी, आणि कामाचं केंद्र राहिलं साकोली. आधी अभ्यास आणि मग संस्था, असा हा क्रम आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक संस्था उलट्या क्रमाने निघतात: आधी लेटरहेड, मग कार्यकारिणी, मग काम शोधणं. बोरकर दंडारीच्या, खडीगंमतीच्या मागे गावोगाव फिरलेले. लोकनाट्य उतरवून घ्यायचं तर ते लोक बोलतात तसंच उतरवावं लागतं, आणि तसं उतरवू लागलं की प्रत्येक ओळीला प्रश्न पडतो: हे लिहायचं कसं? मला वाटतं मंडळाचं मूळ या प्रश्नात आहे.

तोवर वऱ्हाडीला वाली मिळाले होते. उद्धव शेळके यांची 'धग' कादंबरी १९६० मध्ये आली आणि तिच्यातल्या कौतिकच्या तोंडची बोली सगळ्या महाराष्ट्राने वाचली. विठ्ठल वाघ व्यासपीठावरून वऱ्हाडी ऐकवायचे आणि सभागृहं डोक्यावर घेतली जायची. खानदेशात त्याहीआधी, १९५२ मध्ये, बहिणाबाईंची कविता पुस्तकात आली होती. झाडीकडे चटकन नाव घ्यावं असं काही नव्हतं. शब्द होते, गाणी होती, रात्र रात्र चालणाऱ्या दंडारी होत्या; पुस्तकांच्या फडताळात मात्र जागा रिकामी होती. ती भरायची कशी, तर आधी बोलीला तिचं नाव द्यायचं. 'झाडपी' नाही, 'वऱ्हाडीचा एक प्रकार' नाही, झाडीबोली. आज वर्तमानपत्रं हा शब्द सहज छापतात. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही ती स्वतःच्या नावाने बसली आहे. तीस वर्षांपूर्वी हे नाव उच्चारलं की आधी समजावून सांगावं लागायचं.

मंडळाच्या कामांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कोश. बोरकरांनी झाडीबोलीचं व्याकरण मांडलं आणि शब्दकोश केला. ण, छ, श, ष आणि ळ ही पाच व्यंजनं या बोलीत नाहीत, हे त्यांनी नियम म्हणून सांगितलं. नियम म्हणून सांगणं याचा अर्थ माझ्यासारखीला किती मोठा होता, ते कदाचित इतरांना कळणार नाही. बाईंच्या लेखी मी 'ळ' चुकत होते. बोरकरांच्या लेखी आजीच्या बोलीत 'ळ' नव्हताच. जे नाही ते चुकणार कसं?

बोलीचा कोश करणं हे मात्र मोठं किचकट काम. समजा, काना मात्रा धरून अनुक्रम लावायला बसलात. 'मार' आला. हा ठोकायचा मार की गळ्यातली मार? 'गार' आला. थंड गार की तलावातला गाळ? 'बार' म्हणजे बंदुकीचा की मांडीवरचा? 'सारा' म्हणजे सगळा, सरकारी सारा, की पोरगा जिथे शिकायला जातो ती? बोलताना कधी घोटाळा होत नाही, कारण वाक्य मदतीला असतं. कोशातला शब्द एकटा उभा असतो. मग त्याच्या अंगावर बोली वाक्याचं पांघरूण घालावं लागतं. दुसरा पेच शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून आहेत, पाठ्यपुस्तकं त्याच नियमांनी छापली जातात, आणि शिकलेल्या हाताला 'पानी' लिहिताना लाज वाटते. काही जण म्हणत, बोला झाडीत पण लिहा शुद्धात. मंडळाने बोलली तशी लिहायची हाच हट्ट धरला. माझ्या मते तो बरोबर होता; शुद्धात लिहिलेली झाडी म्हणजे टाय लावलेला नांगऱ्या.

अशा हट्टाला जगात सोबती आहेत. स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात डोरिक नावाची स्कॉट्स भाषेची बोली आहे. इंग्रजांना जिथे 'व्ह'सारखा उच्चार लागतो तिथे हे लोक 'फ' म्हणतात: 'व्हॉट'चं 'फिट', 'व्हेअर'चं 'फार'. मासेमारांची, शेतकऱ्यांची बोली. शाळेत तिच्यावर आमच्या 'डोऱ्या'सारखाच वरवंटा फिरला. तिथल्यांनी स्कॉट्स भाषेचा राष्ट्रीय कोश काढायला १९३१ मध्ये सुरुवात केली आणि दहा खंड पुरे व्हायला १९७६ उजाडलं. पंचेचाळीस वर्षं, विद्यापीठं आणि देणग्या पाठीशी असताना. २०११ च्या त्यांच्या जनगणनेत लोकांना पहिल्यांदा स्कॉट्स येते का म्हणून विचारलं. आमच्याकडेही २०११ मध्ये जनगणना झाली. दारात आलेल्या मास्तरांना माझ्या सासूबाईंनी मातृभाषा सांगितली मराठी, आणि सांगितली ती अस्सल झाडीत. मास्तरांनी मराठी लिहिलं. चूक दोघांचीही नाही.

कोश चाळताना मला सगळ्यात श्रीमंत वाटतात ती धानाची पानं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी बांधलेला धानाचा तुकडा. पऱ्हे म्हणजे रोवायची रोपं. त्यांचा रोवना. रोप न लावता बी सरळ फेकून पेरलं तर ते आवत्या. कापलेल्या धानाच्या मुठी वाळायला शेतात आडव्या पसरल्या की त्या कडपा. भारे बांधून रचलेली गंजी म्हणजे पुंजना. त्यातून दाणे मोकळे करणं म्हणजे चुरना. रोवन्यापासून चुरन्यापर्यंत एका हंगामाचं सगळं या सहा-सात शब्दांत येतं, आणि प्रत्येकामागे माणसांचे हात आहेत. आता आमच्याकडे हार्वेस्टर येतो. तो एका फेरीत कापतो, झोडतो आणि दाणे ट्रॉलीत ओततो. कडपा पडतच नाहीत. माझ्या चुलतभावाच्या पोराला 'कडपा' ठाऊक आहे, पण तो पेपरमधून: दिवाळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला की 'कडपा भिजल्या' अशी बातमी येते. शब्द आता शेतात कमी आणि नुकसानभरपाईच्या अर्जात जास्त दिसतो.

तलावाचंही तेच. कोहळी मंडळींनी बांधलेले तलाव ही झाडीची खरी मिळकत. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळ्याने बांधला, असं जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या सांगतात. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. मातीचा बांध तो पार. पाणी सोडायचं ते तुडुम, जास्तीचं पाणी वाहून जायचं ते सलंग. मालगुजारी होती तोवर तुडुम कोणी, केव्हा, कोणासाठी उघडायचं याचे गावाने घालून दिलेले रिवाज होते, आणि हे शब्द रोज जिभेवर असत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि हळूहळू तुडुमाला गेट म्हणू लागले. मंडळ शब्द वाचवू शकतं; तुडुम वाचवायला पाटबंधारे खातं लागतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. बोलीचं काम करणाऱ्यांनी स्वतःकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा हिशोब मांडते आहे.

संमेलनांबद्दल थोडं. विदर्भ साहित्य संघ १४ जानेवारी १९२३ ला अमरावतीत जन्मला आणि पुढे नागपुरात स्थिरावला. त्याच्या शताब्दीनिमित्त २०२३ मध्ये वर्ध्याला शहाण्णवावं अखिल भारतीय संमेलन भरलं. ती मोठी नदी. मंडळाचं वार्षिक संमेलन म्हणजे बोडी, आणि बोडीची जागा गावातच असते. झाडीबोली संमेलनं झाडीतल्या गावांत भरली. शाळेच्या पटांगणात मांडव, गावच्या बाया ग्रंथदिंडीला, दुपारी जेवायला वरण-भात आणि वांग्याची भाजी, रात्री दंडार. गावाला हे आपलंच लगीन वाटायचं. बंडोपंत बोढेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गडचिरोली-चंद्रपूरकडे शाखांची घडी बसवली, कवींना लिहितं केलं. झाडीपट्टीत ज्यांचं नाव बहिणाबाईंच्या पंक्तीत घेतात त्या अंजनाबाई खुणे यांच्यासारखी कवयित्री लोकांसमोर आली, तीही याच वातावरणात.

एक गोष्ट मात्र मला नेहमी बोचते, आणि स्मरणिकेत ती लिहायला हरकत नसावी. मी ज्या संमेलनांना गेले तिथे स्वागत झाडीत व्हायचं, कविता झाडीत, हशा झाडीत. भाषण वजनदार करायची वेळ आली की वक्ता खाकरायचा आणि प्रमाण मराठीत शिरायचा. ठराव प्रमाण मराठीत. आभार पुन्हा झाडीत. म्हणजे मायेचं आणि मस्करीचं झाडीत, महत्त्वाचं मराठीत. एकदा मी हे मागच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हटलं, तर ते म्हणाले, "ठराव सायबाले द्याचा असते बाई, सायबाले झाडी येते का?" उत्तर बिनतोड होतं. आणि हा लेखही मी कोणत्या मराठीत लिहिते आहे ते वाचकांना दिसतंच आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांतही हीच गंमत. दिवाळी आटोपली की मंडई भरतात, शंकरपट होतात, आणि दिवसा बैल पळतात त्या गावात रात्री नाटक रंगतं. देसाईगंज-वडसा हे नाट्यमंडळांचं मोठं ठाणं. तिथून निघालेल्या गाड्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती थांबवल्या तेव्हा नाटकवाल्यांनाही त्याची झळ लागली, कारण पट नसला की पाहुणे कमी आणि पाहुणे नसले की प्रयोगाला गर्दी कमी. २०२१ च्या डिसेंबरात राज्यात शर्यती पुन्हा मोकळ्या झाल्या. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या इमारतीत वडशाच्या काकांनी सगळ्यांना पेढे वाटले. त्यांचं खुणे यांच्याशी नातं काय, तर त्यांनी त्यांची नाटकं पाहिली होती. पण मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक पुण्याची मराठी बोलतो, नायिका त्याहून शुद्ध, आणि झाडी येते विनोदी पात्राच्या तोंडी. प्रेक्षक स्वतःच्या बोलीवर पोट धरून हसतात. हसतात ते प्रेमाने, हे खरं. तरी पाचवीतला तो वर्ग मला आठवतोच. मंडळाच्या माणसांनी दंडारीकडे, खडीगंमतीकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधलं, त्याचं कारण इथे आहे. दंडारीत राजाही झाडीत बोलतो.

आता बेसाचं. आमच्याकडे शाखा नाही, कार्यकारिणी नाही, नाव तर नाहीच. चार-पाच घरची माणसं महिन्यातून एखाद्या रविवारी कोणाच्या तरी हॉलमध्ये बसतात. सुरुवात भाजीबाजारामुळे झाली. बेसा रस्त्यावर संध्याकाळी भाजीवाल्या बसतात, त्यांतली एक कुहीकडची. पुण्याहून नव्याने आलेल्या आमच्या शेजारणीला तिने विचारलं, "सांबार देऊ का?" शेजारीण म्हणाली, "नको, इडली करत नाहीये." भाजीवालीच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. तिथून यादी सुरू झाली. टमाट्याला भेदरं. अळूच्या कांद्याला कोचई. वालाच्या शेंगांना पोपट. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब येतात ते वास्ते, रानातल्या अळंब्या त्या सात्या. सात्या हा शब्द मला फार आवडतो. छत्रीसारखी उगवते म्हणून 'छ'चा 'स' होऊन तो आला असावा, असं आपलं माझं मत. भाषाशास्त्रज्ञांनी खोडून काढावं.

शब्द आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितो, चौकोन कापतो, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली एक वाक्य, कोणाकडून ऐकला ते गाव. मंडळाच्या कोशात आहे का ते पाहायचं, असेल तर बरोबरची खूण, नसेल तर लाल टिंब. लाल टिंबं फार नाहीत, हे सांगताना आनंदही होतो आणि थोडा हिरमोडही. कोशवाल्यांनी बहुतेक सगळं आधीच वेचून ठेवलं आहे. आमच्या वाट्याला आलं ते स्वयंपाकघरातलं आणि बायकांच्या बोलण्यातलं: विशिष्ट भांड्यांची नावं, पोटातल्या कळांचे प्रकार, नणंदेला टोमणा मारायचे शब्द. पुरुष गावोगाव फिरले तरी त्यांना हे शब्द सांगतंय कोण? इथे मंडळाला आमच्यासारख्यांची गरज आहे, असं मी जरा फुशारकीने म्हणते.

मध्यंतरी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं त्याबद्दल कोणीतरी बैठकीत सांगितलं. ते लोक छोटे व्हिडिओ दाखवतात आणि गावातल्या माणसाला विचारतात, यात काय चाललंय ते सांगा. शब्द विचारायचा नाही, गोष्ट सांगायला लावायची. मग माणूस विसरतो की कोणी ऐकतंय. कल्पना आम्हाला पटली. पाचव्या मजल्यावरचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याच्याकडे चांगला फोन. त्याच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, माहेर लाखांदूरकडचं. ठरलं की रोवन्याचा व्हिडिओ त्यांना दाखवायचा आणि त्या जे सांगतील ते भरून घ्यायचं.

रविवारी आम्ही जमलो. आजींनी नवं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावून चोपून विंचरले होते. नातवाने फोन स्टूलवर उभा केला. व्हिडिओ संपला. आजी सावरून बसल्या, पदर खांद्यावर ओढला, आणि बोलू लागल्या: "या चित्रामध्ये बायका शेतामध्ये रोपं लावत आहेत. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत आहे." अगदी पाठ्यपुस्तक. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. नातू म्हणाला, "आजी, घरी बोलतेस तसं बोल ना." त्या म्हणाल्या, "तसंच तर बोलते आहे." पाच मिनिटं त्यांचा 'ळ' एकदाही घसरला नाही. या वयाला तो कुठून शिकल्या कोण जाणे. बहुधा टीव्हीवरून, बहुधा सुनेकडून, बहुधा माझ्यासारखंच कधीतरी कोणाच्या हसण्यावरून.

शेवटी नातवाने हात जोडले, फोन उचलला, बंद केला. सून चहा घेऊन आली. आजींनी नाकावरचा चष्मा काढून पदराला पुसला, डोळे चोळले, आणि बशी पुढे ओढत म्हणाल्या, "डोरे दुखतेत बाबू. कोनाले पाजून रायली गं हा गोड पानी, मले कमी साखरेचा दे."

नातू फोनकडे पाहत राहिला. मी पर्समधून पेन काढलं आणि कॅलेंडरचा चौकोन शोधू लागले.